लॅव्हेंडरच्या पठारावर एक निवांत दिवस: प्रोव्हान्सला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सला लॅव्हेंडर बघायला जायचं ठरलं, की बहुतेक जण नकाशावर पाच-सहा ठिकाणी खुणा करतात आणि ती सगळी एका दिवसात उरकायचा बेत आखतात. नकाशात अंतरं छोटी दिसतात, त्यामुळे बेत जमेल असंही वाटतं. तो बेत मोडीत काढा, हे मी अगदी आग्रहानं सांगेन. एक पठार, एक गाव, मधली लांबलचक दुपार आणि संध्याकाळी पुन्हा तेच पठार, एवढ्यात दिवस भरतो. सोबत ज्याच्याशी तासन्‌तास गप्पा होतात असा मित्र किंवा मैत्रीण असेल, तर तो पुरतही नाही. धावपळीच्या दिवसात फोटो मिळतात, पण गप्पा राहून जातात.

आधी तारीख, मग ठिकाण

कुठल्या पठारावर जायचं हे आवडीवर ठरत नाही, तारखेवर ठरतं. लॅव्हेंडर उंचीप्रमाणे फुलतं, म्हणजे खालच्या भागात आधी आणि वरच्या भागात नंतर.

व्हालांसोलचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण 500 ते 600 मीटरवर आहे. तिथे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रंग चढायला लागतो आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात बहर ऐन भरात असतो. जुलैच्या मध्यावर कापणीची यंत्रं शेतात उतरतात, आणि महिना संपेपर्यंत बहुतेक शेतं भादरलेली असतात. मों व्हांतूच्या पायथ्याशी असलेलं सो हे गाव साडेसातशे मीटरच्या वर आहे, आजूबाजूची काही शेतं त्याहूनही उंच आहेत. तिथला बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत चालतो.

म्हणून हिशोब सोपा ठेवा. जूनअखेर ते 10 जुलै असेल तर व्हालांसोल. 15 जुलैनंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असेल तर सो. मधल्या चार-पाच दिवसांत दोन्हीकडे काही ना काही मिळतं. सोमध्ये 15 ऑगस्टला लॅव्हेंडरचा उत्सव असतो, विळ्यानं कापणी करण्याची स्पर्धाही होते. उत्सव मजेचा असतो, पण तोवर बरीचशी शेतं कापून झालेली असतात. फुलांसाठीच जाणार असाल, तर ती तारीख धरू नका.

कास पठारावर फुलं बघायला गेलेल्यांना वेगळं सांगायला नको की बहर दरवर्षी थोडा मागेपुढे होतो. वसंतात थंडी रेंगाळली तर उशीर होतो, ऊन लवकर तापलं तर घाई होते. निघायच्या आठवड्यात त्या गावच्या पर्यटन कार्यालयाला फोन करून किंवा ईमेल लिहून सरळ विचारा. तिथली माणसं शेतांची खबर ठेवून असतात. इंटरनेटवरचा जांभळा फोटो कुठल्या वर्षीचा आणि कुठल्या तारखेचा आहे, हे मात्र कळायला मार्ग नसतो.

आणि गोर्दजवळचा सेनांक मठ? 1148 मध्ये स्थापन झालेला सिस्टर्शियन साधूंचा हा मठ आणि त्याच्यासमोरच्या लॅव्हेंडरच्या ओळी तुम्ही चित्रांत नक्की पाहिल्या असतील. सुंदर आहे यात वाद नाही. पण ते दरीतलं एक छोटं शेत आहे, आणि जुलैत तिथे गर्दी फार असते. मठाचं दगडी वास्तुशिल्प बघायचं असेल तर वेगळ्या दिवशी सकाळी लवकर जा. मोकळ्या पठारावरचा वारा आणि वास हवा असेल, तर या दिवसात त्याला जागा नाही.

गाडी, परवाना आणि रस्ता

बसनं हा दिवस जमणं अवघड आहे. पठारावरच्या गावांना बस जातात, पण दिवसातून मोजक्याच, आणि तुम्हाला जिथे थांबावंसं वाटेल तिथे त्या थांबत नाहीत. दोघांपैकी एकाला गाडी चालवता येत असेल तर एक्स-आं-प्रोव्हान्स किंवा अव्हिन्योंमधून भाड्यानं गाडी घ्या. कोणालाच येत नसेल तर याच शहरांमधून छोट्या व्हॅनच्या सहली निघतात. त्यातली अर्ध्या दिवसाची, एकाच पठारावर जाणारी निवडा.

भारतीय परवाना असेल तर निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवाना काढा आणि मूळ परवानाही बरोबर ठेवा. फ्रान्समध्ये भाड्याच्या गाड्या बऱ्याचदा हातानं गिअर बदलायच्या असतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर कित्येक आठवडे आधी सांगून ठेवावं लागतं. अनामत रकमेसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, हे विसरू नका.

रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायचं, स्टिअरिंग डावीकडे. याची सवय तासाभरात होते. जास्त सांभाळायचं ते दोन गोष्टींना. गोल चौकात शिरताना आत आधीपासून असलेल्या, म्हणजे डावीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. आणि गावातल्या चौकात कुठलाच फलक किंवा पट्टा नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग ती गल्ली कितीही अरुंद असो. गावाबाहेरच्या दुपदरी रस्त्यावर वेगमर्यादा साधारण 80 असते, फलकावर दुसरा आकडा असेल तर तो पाळायचा. गावात 50 किंवा 30. हातात फोन धरून गाडी चालवायला बंदी आहे, त्यामुळे रस्ता सांगायचं काम शेजारच्यानं करायचं.

मला तर हीच वाटणी आवडते. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं रस्ता सांगायचा, पाणी द्यायचं आणि "थांब, थांब, इथेच" असं ओरडायचं. मागच्या गाडीला जाऊ देऊन, जागा बघून मग थांबायचं, एवढं भान दोघांनी ठेवलं की झालं.

व्हालांसोलचा दिवस

एक्सहून व्हालांसोल साधारण 70 किलोमीटर आहे, तासाभराचा रस्ता. A51 या टोलच्या महामार्गानं मानोस्कपर्यंत यायचं, ड्युरान्स नदी ओलांडायची आणि D6 रस्त्यानं पठारावर चढायचं. हाच रस्ता पुढे व्हालांसोल गावातून रिएझकडे जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं आहेत. सगळ्यात जास्त गाड्या रस्त्यालगतच्या पहिल्या मोठ्या शेतापाशी थांबलेल्या दिसतील. तिथे थांबू नका. गाव ओलांडून पुढे जा, एखाद्या छोट्या रस्त्याला वळा. पाच मिनिटांत तसंच शेत मिळतं आणि तिथे तुम्ही दोघंच असता.

पोहोचायची वेळ सकाळी सात ते आठ. सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, नऊपर्यंत ऊन तिरपं असतं, आणि तेव्हाच जांभळा रंग जांभळा दिसतो. डोक्यावर सूर्य आला की तीच फुलं राखाडी, धुवट वाटायला लागतात. दुपारी पोहोचून "फोटोत होतं तसं नाहीये" म्हणणारे लोक याच कारणानं खट्टू होतात.

गाडी लावताना रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या, पण शेताची वाट अडवू नका. कापणीच्या दिवसांत त्या वाटेनं ट्रॅक्टर येतात. वाळलेल्या उंच गवतावरही गाडी उभी करू नका. तापलेल्या सायलेन्सरनं गवत पेटतं, आणि उन्हाळ्यातल्या प्रोव्हान्समध्ये ठिणगीचं रूपांतर वणव्यात व्हायला वेळ लागत नाही. धोक्याच्या दिवसांत जंगलातल्या पायवाटा प्रशासन बंद करतं, तेव्हा जंगलात चालायचा विचार असेल तर त्या दिवशीची सूचना बघून मगच जा. शेतात सिगारेट नकोच.

ही शेतं कोणाच्या तरी मालकीची आहेत, हे पदोपदी लक्षात ठेवावं. दोन ओळींमधून सावकाश चाललात तर सहसा कोणी हरकत घेत नाही, पण कुंपण किंवा मनाईचा फलक असेल तर तिथेच थांबायचं. झुडपात बसून फोटो काढायचा नाही आणि फुलांचा गुच्छ तोडायचा नाही. एकदा लावलेलं झुडूप दहाएक वर्षं पीक देतं, त्याची मोडलेली फांदी म्हणजे शेतकऱ्याचं पुढच्या वर्षांचंही नुकसान. तसाही तो सध्या अडचणीत आहे. तुडतुड्यासारखा एक किडा झाडं वाळवणारा रोग पसरवतो, उन्हाळे जास्त कोरडे होत चाललेत, आणि तेलाच्या भावाचा काही भरवसा राहिलेला नाही. गुच्छ हवाच असेल तर शेतावरच्या दुकानात दोन-चार युरोंत मिळतो, तो विकत घ्या.

मधमाश्यांची भीती मनातून काढून टाका. शेतात पाऊल टाकलं की आधी त्यांची गुणगुण ऐकू येते, एवढ्या त्या असतात. पण फुलात गुंतलेली मधमाशी तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पाय झाकणारे बूट घाला, उग्र अत्तर लावू नका आणि शेताच्या कडेला मांडलेल्या पेट्यांपासून लांब राहा. मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी असणाऱ्यानं मात्र औषध खिशात ठेवूनच शेतात उतरावं.

आता जरा खाली वाका. व्हालांसोलवर जे दिसतं ते बहुतांश लॅव्हेंडर नसतंच, ते लॅव्हांडिन असतं. खरं लॅव्हेंडर आणि रुंद पानांचं, कमी उंचीवर वाढणारं त्याचं भावंड, या दोघांचा हा संकर आहे. त्याला रुजणारं बी धरत नाही, फांद्यांचे तुकडे लावूनच ते वाढवतात. एक दांडी निरखून बघा. लांब दांडीच्या टोकाला मोठं कणीस आणि त्याच्या खाली दोन्ही बाजूंना फुटलेले दोन छोटे तुरे दिसले, तर ते लॅव्हांडिन. आखूड दांडी आणि टोकाला एकच कणीस असेल, तर खरं लॅव्हेंडर. शेत लांबून बघूनही अंदाज येतो. लॅव्हांडिनची सगळी झुडपं एकाच मापाची, गोल, सारख्याच रंगाची असतात, तर बियांपासून वाढवलेल्या खऱ्या लॅव्हेंडरमध्ये एक झुडूप निळसर, शेजारचं फिकट, तिसरं गडद असं चालतं. कणीस न तोडता बोटांत हलकेच चोळा आणि बोटं हुंगा. लॅव्हांडिनचा वास कापरासारखा चढतो, खऱ्या लॅव्हेंडरचा मऊ, गोडसर असतो. ही ओळख पटली की संध्याकाळी दुकानात कोणी तुम्हाला फसवू शकत नाही.

दुपार: काहीही न करण्याची वेळ

साडेदहानंतर शेतं सोडा. जुलैत पारा सहज 35 अंशांवर जातो आणि पठारावर सावलीला झाड शोधावं लागतं. प्रत्येकी दोन लिटर पाणी गाडीत हवं. गावातल्या कारंज्याचं पाणी भरून घेता येतं, पण तिथे "पिण्यायोग्य नाही" अशा अर्थाची फ्रेंच पाटी, म्हणजे "ओ नों पोताब्ल", नाही ना एवढं बघा.

रिएझ गाव व्हालांसोलपासून पंधराएक किलोमीटरवर आहे. गावाच्या कडेला मोकळ्या जागेत रोमन देवळाचे चार खांब उभे आहेत, पहिल्या शतकातले. ना तिकीट, ना रांग. बुधवारी आणि शनिवारी इथे आठवडी बाजार भरतो, व्हालांसोलचा बाजार शनिवारी असतो. जमलं तर दिवस त्याप्रमाणे निवडा. बाजार सकाळचाच असतो, साडेबारापर्यंत आवरतो.

जेवणाचं आधीच ठरवून ठेवा, कारण इथे ते घड्याळाप्रमाणे चालतं. हॉटेलांची स्वयंपाकघरं साधारण 12 ते 2 एवढीच उघडी असतात. अडीचला गेलात तर कॉफी मिळेल, जेवण मिळेलच असं नाही. बरीच दुकानंही दुपारी बंद असतात. म्हणून मी तरी सकाळीच बाजारातून आणि बेकरीतून सामान घेऊन झाडाखाली बसायच्या बाजूची आहे. ताजा पाव, टोमॅटो, जर्दाळू, काव्हायोंची खरबुजं आणि बानोंचं बकरीच्या दुधाचं चीज. हे चीज चेस्टनटच्या पानांत गुंडाळून सुतळीसारख्या धाग्यानं बांधलेलं असतं. पानं सोडली की आत मऊ, जवळजवळ वाहणारा गोळा दिसतो. तो पावावर पसरायचा आणि वर टोमॅटोची चकती ठेवायची.

शाकाहारी असाल तर इथे जपून. ऑलिव्हची चटणी, म्हणजे तापनाद, दिसायला निर्धोक असते, पण तिच्यात बहुधा अँचोव्ही मासा वाटलेला असतो. फुगास या पावात कधी ऑलिव्ह, तर कधी डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण वापरतात, बानोंही त्यातच येतं. कडक पाळणाऱ्यांनी विचारूनच घ्यावं. आणि काहीही विचारण्यापूर्वी, दुकानात शिरल्या शिरल्या "बाँझूर" म्हणायचं. तो नमस्कार राहिला तर विक्रेता तुसडा वाटतो. केलात तर तोच माणूस तीन प्रकारचं चीज चाखायला देतो.

जेवणानंतर दोन पर्याय. गावात सावलीत बसून राहा, पुस्तक वाचा, झोपा. किंवा रिएझहून आणखी पंधराएक किलोमीटरवर मूस्तिए-सँत-मारीला जा. दोन कड्यांच्या मध्ये साखळीला टांगलेला तारा, त्याखाली गाव, आणि गावात चिनी मातीच्या रंगीत भांड्यांची जुनी परंपरा. तिथून दहा मिनिटांवर सँत-क्रुआ तलाव आहे. 1970च्या दशकात व्हेर्दों नदीवर धरण बांधून हा तयार झाला, एक जुनं गावही त्यात बुडालं आणि वर नव्यानं वसवलं गेलं. पोहता येत असेल तर उन्हाच्या वेळी याहून चांगली जागा नाही. पायडलची बोट घेतली तर व्हेर्दोंच्या घळीच्या तोंडापर्यंत जाता येतं. गाडीत बॅग किंवा कॅमेरा दिसेल असा ठेवू नका. पर्यटकांच्या वाहनतळांवर काचा फुटतात.

ऊर्ध्वपातन चालू असेल तर

जुलैच्या मध्यानंतर आलात आणि एखाद्या शेतावरून पांढरी वाफ निघताना दिसली, तर बाकी सगळं सोडून तिकडे वळा. बऱ्याच ठिकाणी लोकांना बघू देतात. कापलेलं पीक मोठ्या डब्यात दाबून भरतात आणि खालून वाफ सोडतात. वाफ फुलांतलं तेल सोबत घेऊन वर येते, थंड नळीतून जाताना तिचं पाणी होतं आणि एका उंच भांड्यात जमतं. तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते वर तरंगतं, पिवळसर, काचेसारखं स्वच्छ. वरच्या नळीतून तेल आणि खालच्या नळीतून सुगंधी पाणी बाहेर पडतं. उरलेला चोथा बऱ्याच ठिकाणी वाळवून पुढच्या खेपेला बॉयलरमध्ये जाळतात. तिथला वास शेतातल्यासारखा नाजूक नसतो. गरम गवत, लाकूड आणि तेल असा तो दाट वास कपड्यांना चिकटून राहतो.

खऱ्या लॅव्हेंडरच्या एक किलो तेलाला 100 किलोहून अधिक फुलं लागतात, तर लॅव्हांडिनला त्याच्या निम्म्याहून कमी. दोन्हींच्या किमतीत एवढी तफावत का, ते इथे समजतं. कुपी विकत घेताना लेबलवरचं लॅटिन नाव वाचा. "लॅव्हांडुला अँगुस्टिफोलिया" म्हणजे खरं लॅव्हेंडर. "इंटरमीडिया" म्हणजे लॅव्हांडिन. ओत-प्रोव्हान्सच्या, म्हणजे प्रोव्हान्सच्या उंच भागातल्या, खऱ्या लॅव्हेंडर तेलाला 1981 पासून संरक्षित नाव आहे, त्यासाठी पीक 800 मीटरच्या वरचंच लागतं. कपाटात ठेवायच्या पुरचुंडीला लॅव्हांडिन छानच, उलट वास जास्त दिवस टिकतो. त्वचेसाठी किंवा उशाशी ठेवायला खरं घ्या. विमानात हातातल्या बॅगेत 100 मिलिलिटरहून मोठी बाटली चालत नाही.

सोचा दिवस

जुलैच्या उत्तरार्धात जाणाऱ्यांनी अव्हिन्योंहून कार्पांत्रामार्गे यावं, सरळ आलं तर सव्वा-दीड तास. वेळ असेल तर D942 नं नेस्कच्या घळीतून या. रस्ता कड्याला चिकटून जातो, अरुंद आहे, पण एका तरी बाजूनं जाण्यासारखा नक्कीच आहे. गावाच्या गच्चीसारख्या कठड्यावरून खाली दरीभर लॅव्हेंडर आणि गव्हाचे पट्टे दिसतात. गावाखालून साधारण पाच किलोमीटरची खुणा केलेली पायवाट शेतांमधून जाते, ती सकाळी चालून टाका. बुधवारी बाजार असतो. इथला नूगा (मध-बदामाची मिठाई) आणि बारीक दाण्याचा जुना गहू, दोन्ही घेण्यासारखे. दुपारनंतर सिमियान-ला-रोतोंदच्या बाजूला वळा. टेकडीवरच्या त्या गावाभोवती शेतं आहेत आणि माथ्यावर बाराव्या शतकातला गोल बुरुज आहे. गर्दीही बरीच कमी असते.

मला विचाराल तर दोन्हींतलं सोच अधिक आवडतं. व्हालांसोल डोळे दिपवतं, पण सोच्या बाजूला खरं लॅव्हेंडर आहे आणि दुपारी हवा थोडी तरी सुसह्य असते.

संध्याकाळ आणि परतीचा रस्ता

साडेसातला पुन्हा पठारावर या, सकाळच्याच शेतापाशी आलात तरी चालेल. जुलैच्या सुरुवातीला सूर्य सव्वानऊच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे हातात चांगले दोन तास असतात. फोटोसाठी कॅमेरा खाली, फुलांच्या उंचीवर आणा, ओळ जिथे क्षितिजाला मिळते तिकडे धरा आणि सूर्य पाठीशी न ठेवता बाजूला ठेवा. अर्ध्या तासात फोटो होतात. मग फोन गाडीत टाका आणि शेताच्या बांधावर बसा. मिस्त्राल वारा सुटला तर जुलैतही गार वाटतं, एक पातळ जाकीट जवळ असू द्या.

दोघांपैकी जो गाडी चालवणार, त्यानं संध्याकाळची वाइन दुसऱ्या दिवसावर ढकलावी. पेट्रोल पठारावर चढण्यापूर्वीच भरून घ्या. गावांतले पंप रात्री माणसांविना चालतात आणि परदेशी कार्ड तिथे कधीकधी स्वीकारलं जात नाही. अंधार पडल्यावर हरणं आणि रानडुकरं रस्त्यावर येतात, म्हणून महामार्ग लागेपर्यंत वेग 60च्या आसपास ठेवा. रस्ता सांगणाऱ्यानं झोपायचं नाही. काही अडचण आलीच, तर मदतीसाठी 112.